नाथाजीची बसरा

बारशाच्या दिवशी भामाबाई पाळण्यावर वाकली आणि पोरीच्या कानाशी तोंड नेऊन थांबली. आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान तिचा. तिनं मनाशी तारा धरलं होतं, फार तर सखू. पण सोप्यातून तिच्या भावाचा, नाथाजीचा, आवाज आला.

"बसरा म्हण."

"काय?"

"बसरा."

"आरं दादा, ही नाव हाय का गाव?"

"गावच हाय," नाथाजी म्हणाला. "तरी त्येच म्हण."

पाळण्याभोवतीच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. भामाबाईनं राहीबाईकडं, पोरीच्या आईकडं, पाहिलं. राहीबाईनं नुसती मान डोलावली. तेव्हा भामाबाईनं नाक मुरडलं आणि पोरीच्या कानात 'बसरा' म्हटलं. घुगऱ्या वाटल्या, बायका घरोघर गेल्या आणि दिवस मावळायच्या आत कडेगावजवळच्या त्या अख्ख्या मळेवाडीत नाव पोचलं.

बसरा म्हणजे काय, हे गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. पहिल्या लढाईत, म्हणजे त्यांच्या भाषेत लामावर, गावची सात-आठ पोरं इराकात गेली होती. त्यातला नाथाजी तेवढा परत आला, तोही एका पायानं लंगडत. बसरा हे तिकडचं बंदर. पण त्या बंदराचं नाव लेकीला कशापायी, हे नाथाजीनं कोणाला सांगितलं नाही. तो मुळातच कमी बोलायचा. लढाईचं तर त्याच्या तोंडून कधी अक्षर निघायचं नाही.

पोरगी चालायला लागली, बोलायला लागली, तोवर नावाचं काही वाटायचं कारण नव्हतं. घरात आई 'बसरे' म्हणायची, आबा 'बसरा' म्हणायचा आणि ती ओ द्यायची. त्रास सुरू झाला तो शाळेत. हजेरीला तिचं नाव आलं की ती उभी राहून "हजर" म्हणायची आणि मागच्या ओळीतला गुंडा नावाचा पोरगा हळूच म्हणायचा, "बस रा!" सगळी पोरं फिदीफिदी हसायची. ती खाली बसली की तोच म्हणायचा, "बघा, बसली रा!" वाटेनं जाताना कोणी तरी ओरडायचं, "बस रा, पाय दुखतील!" विहिरीवर, खळ्यावर, देवळात, कुठंही जा, तिला बसवायला कोणी ना कोणी टपलेलाच. एकदा तिनं गुंडाच्या पाठीत पाटी हाणली. पाटी फुटली, गुरुजींनी तिलाच उभं केलं आणि थोड्या वेळानं, त्यांच्याही ध्यानात न येता, म्हणाले, "बरं, बसरा, बस आता." मग वर्ग जो हसला, तो शाळा सुटेपर्यंत.

घरी येऊन ती आईला म्हणाली, "आयं, माजं नाव बदल."

"नाव म्हंजे काय लुगडं हाय व्हय, बदलायला?"

"मग ठिवलं कशाला आसलं?"

"तुज्या आबाला इचार."

पण आबाला विचारायचं धाडस तिला झालं नाही. आबा रागावला असता असं नाही. तो नुसता बघत राहिला असता आणि त्याचं ते बघणं तिला झेपलं नसतं.

चाळीस साल उजाडायच्या सुमाराला जुने गुरुजी बदलून गेले आणि साताऱ्याहून नवे आले. तरुण होते, गावात कोणाला ओळखत नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी एकेका पोराला उठवून नाव विचारलं. गुंडा तापानं घरी निजला होता. बसराच्या मनात काय आलं कोण जाणे, तिची पाळी आली तशी ती उठली आणि म्हणाली, "शेवंता."

गुरुजींनी पटावरून बोट फिरवलं. "शेवंता नाही दिसत. बसरा नाथाजी आहे इथं."

"ती शाळा सोडून गेली, गुरुजी," बसरा म्हणाली.

बाकीची पोरं आ वासून बघत राहिली. पण नव्या माणसापुढं बोलायला कोणी धजेना. गुरुजींनी बसराच्या नावावर काट मारली आणि खाली शेवंता लिहिलं. गुंडा बरा होऊन आला तेव्हा शेवंता चांगली रुळली होती. तिनं त्याला पेरू देऊन गप्प केलं. शाळेपुरती ती शेवंता आणि घरापुरती बसरा. दोन्हीकडचं गाडं सुरळीत चाललं होतं.

मोहरमचे दिवस आले. कडेगावचे ताबूत म्हणजे त्या मुलखातला मोठा सोहळा. देवळाच्या शिखराएवढे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलायचे आणि त्यांच्या भेटी बघायला कुठून कुठून गाड्या यायच्या. बसराचा मामा लालासाहेब त्या दिवशी ध्यानीमनी नसताना छकडा घेऊन आला. भाचीला ताबूत दाखवायचे असं त्याच्या मनात आलं होतं. नाथाजी स्वतः लंगडत शाळेत तिला आणायला गेला.

शाळेच्या दारात उभं राहून तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या बसराला जरा सोडता का?"

गुरुजी उठून दारापाशी आले. "बसरा? ती शाळा सोडून गेली की. मी यायच्या आधीच."

नाथाजीला काही कळेना. त्यानं आत नजर टाकली. दुसऱ्या ओळीत त्याची लेक बसली होती. तिनं मान इतकी खाली घातली होती, की कपाळ पाटीला टेकलं होतं. तिच्या शेजारची पोरगी तिला कोपरानं ढोसत होती, "ए शेवंते, तुजा आबा. शेवंते!"

"व्हय व्हय," नाथाजी गुरुजींना म्हणाला. "इसारलोच मी." पटका सावरत तो मागं फिरला. त्याचा तो एका पायावर जोर देऊन चालल्याचा आवाज पार वळणापर्यंत तिला ऐकू आला. मग रस्त्यावरून छकडा गेला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून तिनं ओळखलं, की मामा ताबूत बघायला आपल्याला टाकून चालला.

संध्याकाळी ती भीतभीत घरी आली. आबा सोप्यात दोर वळत बसला होता. तो रागावला नाही. वर बघून म्हणाला, "शेवंता, जरा पानी आन गं."

तिनं पाणी आणून दिलं. जेवताना तो म्हणाला, "शेवंता, भाकरी वाढ." दुसऱ्या दिवशी, "शेवंता, म्हशीला वैरन टाकली का?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. तिला जे हवं ते त्यानं देऊन टाकलं होतं. पण त्याच्या तोंडून ते नाव आलं की तिला वाटायचं, आबा दुसऱ्याच कुणाच्या तरी लेकीशी बोलतोय. राहीबाई दोघांकडं बघायची आणि चुलीतली लाकडं उगीच पुढंमागं करायची.

असे आठ-पंधरा दिवस गेले. मग आटपाडीकडून बिराप्पा धनगर आला. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तो मेंढरं घेऊन यायचा आणि नाथाजीच्या रानात ती बसवायचा. मेंढरांच्या लेंड्यांनी रान सकस व्हायचं, बदल्यात नाथाजी त्याला जोंधळा द्यायचा. लढाईत बिराप्पा खेचरांच्या पलटणीत होता. नाथाजी ज्याच्याशी तास तास बसायचा असा हा एकच माणूस. आणि तेव्हाही दोघं बोलण्यापेक्षा तंबाखूच जास्त मळायचे.

आल्या आल्या बिराप्पानं हाक दिली, "बसरा कुठं हाय रं, नाथाजी? तिच्यासाठनं कोकरू आनलंय."

"बसरा न्हाई आता," नाथाजी म्हणाला. "शेवंता हाय." आणि तो बैल सोडायला निघून गेला.

बसरा दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली, कोकरू घेतलं आणि बिराप्पाच्या मागोमाग रानात गेली. मेंढरं वाघरीच्या जाळीत शिरली होती. बिराप्पा घोंगडं पसरून टेकला आणि म्हणाला, "काय झालं गं पोरी?"

तिनं सगळं सांगून टाकलं. बस रा, पाटी, शाळा, ताबूत. सांगताना ती रडली नाही, पण शेवटी कोकराच्या अंगात तोंड खुपसलं.

बिराप्पानं तळहातावर तंबाखू घेतली. "तुज्या बानं तुला कायच सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

"मग मी सांगतो. त्यो काय सांगायचा न्हाई." त्यानं पाय दुमडले. "आमी लढाईत वर लांब हुतो, नदीच्या काठाला. तुज्या बाच्या मांडीत गोळी गेलेली, मला तापानं घेरलेलं. आमास्नी आगबोटीत घातलं. आगबोट म्हंजे काय, माल भरत्यात तसली माणसं भरल्याली. वरनं ऊन, पानी न्हाई, माशा आशा की जखम दिसायची न्हाई. तुजा बा माज्या शेजारला. शेजारी एकेक गडी मरायचा, त्येला उचलून न्यायचं. डागदर म्हनायचा, बसरा येऊ द्या, बसऱ्यात दवाखाना हाय, बसऱ्यापातूर जो टिकला त्यो जगला. मग काय, सगळ्यांचा त्योच जप. तुजा बा मला इचारायचा, बिराप्पा, आलं का रं बसरा? मी म्हनायचो, आलं गड्या, ही काय आलं. आन् मला तरी कुठं ठावं हुतं? मी गप पडलो की त्यो मला म्हनायचा, बिराप्पा, निजू नगंस, आलं बसरा. आसं एकमेकाला खोटं सांगत आमी तिथवर पोचलो."

बसरानं तोंड वर केलं होतं.

"ती झालं ती झालं. पुढं तुजी आय पदरात पडली. तुज्या आदी दोन लेकरं झाली ती तुला ठावं हाय न्हवं? दोन्ही गेली. तुज्या येळंला मी हितंच हुतो, ह्याच रानात. तू जलमली ती निळी-काळी, रडंना का दूध घेईना. सुईन म्हनली, हिची आशा धरू नगा. तुज्या आयनं भिताडाकडं तोंड केलं. तवा तुज्या बानं तुला उचललं, छातीशी धरलं आन् दिवसभर सोप्यात फेऱ्या घातल्या, तसला लंगडा पाय घिऊन. मी दारात बसल्यालो. तुज्या कानाशी त्येचं एकच चाललेलं, आलं बसरा, आलं, जरा दम धर. आलं बसरा. दिस कलला आन् तू जी टाहो फोडलास!" बिराप्पा हसला. "मग तुजं दुसरं नाव कसं ठिवायचं त्यानं? तूच सांग."

कोकरू मांडीवर घेऊन बसरा तिथंच बसून राहिली. बिराप्पानंही तिला उठवलं नाही.

घरी आली तेव्हा आबा गोठ्यात होता. ती त्याच्या जवळ जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आबा, मला हाक मारा की."

नाथाजीनं वळून पाहिलं. तिच्या अंगावर कोकराची लोकर चिकटली होती, डोळे लाल होते. बिराप्पा काय बोलला असेल ते त्यानं ओळखलं.

"बसरा," तो म्हणाला.

"ओ," ती म्हणाली. मग दोघांनी मिळून म्हशीला वैरण टाकली.

दुसऱ्या दिवशी हजेरीला "शेवंता" पुकारलं गेलं तेव्हा ती उठून उभी राहिली. "गुरुजी, बसरा परत आली."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. एव्हाना त्यांच्या कानावर बरंच काही आलं असावं. "बरं झालं. आणि शेवंता?"

"ती शाळा सोडून गेली."

गुरुजींना हसू आवरेना. त्यांनी पटावर दुरुस्ती केली, मग भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन छडीनं शोधून शोधून एक ठिपका दाखवला. "हे बघा बसरा." सगळी पोरं माना उंचावून बघायला लागली.

"एवढुसंच?" गुंडा म्हणाला.

"मळेवाडी तर तेवढीबी न्हाई त्यात," बसरा म्हणाली. त्यानंतरही गुंडा कधीमधी 'बस रा' म्हणायचा. ती म्हणायची, "बसते की. तू हुबा ऱ्हा." हळूहळू त्यातली गंमत निघून गेली.

पुढं दुसऱ्या लढाईनं जोर धरला आणि गावोगावची लग्नाची पोरं लामावर गेली. बसराचं लग्न लांबलं. एक-दोन स्थळं आली, तर नाव ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं. भामाबाई म्हणाली, "दादा, बघायला आलं की तारा सांगू या. लगीन झाल्यावर तसंबी सासरची माणसं नाव बदलत्यात." नाथाजीनं लेकीकडं पाहिलं. "न्हाई," बसरा म्हणाली, "बसराच सांगायचं."

लढाई संपून माणसं परत आली, तेव्हा इस्लामपूरच्या बाजूचं एक स्थळ आलं. मुलगा सयाजी, पलटणीतून नुकताच सुटून आलेला. वडील नव्हते. घरी आई अंबूबाई आणि उसाचं चांगलं रान. तो आईला आणि चुलत्याला घेऊन मुलगी बघायला आला. बसरा पाटावर येऊन बसली. अंबूबाईनं विचारलं, "नाव काय पोरी तुजं?"

"बसरा."

अंबूबाईला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. पण सयाजी एकदम खोखो हसायला लागला. बसराचं टाळकं सणकलं. पोरगा बघायला आलाय का टिंगल करायला?

"ऱ्हागावू नगा," सयाजी घाईघाईनं म्हणाला. "आवं, मी आलोय की तिथनं! बसऱ्यात आमचा मुक्काम हुता. खजुराची झाडं आशी, की नुसतं बघत ऱ्हावं. आन् ऊन म्हनाल तर..."

"नदी भरती का आजून तशीच?" नाथाजीनं विचारलं. तो सोप्याच्या कोपऱ्यातून पुढं सरकला होता.

"भरती तर! समुद्राचं पानी चढलं की पार गल्लीबोळात येतं."

"आन् त्यो दवाखाना? नदीच्या कडंला?"

त्यानंतर जावई आणि सासरा असे काही रंगले, की पोह्यांची ताटली तशीच राहिली. राहीबाईनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला लढाईवर एवढं बोलताना ऐकलं. ती दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. पाटावर बसराचे पाय आखडून गेले, तरी तिच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. शेवटी अंबूबाईच म्हणाली, "आवं, पोरगी बघायला आलोय न्हवं आपून? तिला उठू द्या तरी." तेव्हा बसराला हसू आलं आणि ते सयाजीनं पाहिलं.

वैशाखात लग्न झालं. वरात सासरच्या दारात आली, तेव्हा शेजारपाजारच्या बायकांनी उंबरठा अडवला. नाव घेतल्याबिगर आत सोडणार नाही म्हणाल्या. सयाजीनं पटका मागं सारला आणि म्हणाला, "वर्साचा सन दसरा, अन् माज्या घरात आली बसरा!"

बायका हसून लोटपोट झाल्या. "येवढं झ्याक जमलं, पर आता ती नाव चालायचं न्हाई," त्यातली एक म्हणाली. "नवं नाव पडनार की."

आत तांदळाचं ताट तयार होतं. बोटातल्या अंगठीनं नवऱ्यानं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, अशी रीत. सयाजीनं विचारलं, "आये, काय लिवायचं?"

"सुंदरा," अंबूबाई म्हणाली.

सयाजीचा हात ताटावर तसाच थांबला. बायकांची कुजबूजही थांबली. बसराला कळेना, की एवढ्या साध्या नावानं सगळे गप्प का झाले. तिच्या शेजारची म्हातारी तिच्या कानाशी लागली. "अंबूबाईची लेक गं, सुंदरा. सयाजीच्या पाठची. देवीच्या साथीत गेली. असती तर तुज्याच वयाची असती."

बसरानं सासूकडं पाहिलं. अंबूबाई ताटाकडं बघत होती. कोणी काही बोलायच्या आत ते नाव तांदळात उमटावं, अशी घाई तिच्या डोळ्यांत होती. बसराच्या मनात आलं, नको म्हटलं तर ही बाई काही बोलणार नाही, आबासारखी. आणि हो म्हटलं, तर आबाला काय सांगायचं?

नव्या नवरीनं बोलायची ती वेळ नव्हती. तरी ती बोलली. "आत्याबाई, तुमी मला सुंदरा म्हना. कवाबी हाक मारा, मी ओ देईन. पर ताटात बसरा लिवू द्या. माज्या आबानं लय जीव लावून ठिवलंय ते."

कोणी तरी म्हणालं, "पोरगी चुरूचुरू बोलती की!" अंबूबाईनं मात्र सुनेकडं नीट पाहिलं, दारातून आत आल्यापासून पहिल्यांदाच. मग सयाजीला म्हणाली, "लिव तिचं तिला."

त्या वर्षी ऊस बरा आला. थंडीत रानात गुऱ्हाळ लागलं. सयाजी घाण्याचे बैल हाकत होता, कढई उकळत होती, वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. सासू-सुना चिपाडांच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या आणि बसराच्या वाटीत गरम काकवी होती. अंबूबाई हाक मारायची ती कधी सुंदरा, कधी बसरा. जे तोंडात येईल ते. बसरा दोन्हींना ओ द्यायची. पण आपल्या लेकीविषयी सासू आजवर चकार शब्द बोलली नव्हती.

"ती कशी हुती वं, आत्याबाई?" बसरानं विचारलं.

"कोन?"

"सुंदरा."

"द्वाड," अंबूबाई म्हणाली. "लय द्वाड. एकदा काय केलं तिनं, ह्याच घाण्यापाशी सयाजी निजला हुता, तर त्येच्या मिशा फुटत हुत्या नुकत्या, तिथं काकवी लावून ठिवली. मुंग्या लागल्या मेल्याला! ह्यो उठून नाचतोय, आन् ती चिपाडावर बसून टाळ्या वाजवती."

"काय बोलताय गं माज्यावर?" सयाजी तिकडून ओरडला.

"बैलं बघ तू तुजी," अंबूबाई म्हणाली आणि हसत हसत डोळे पुसून दुसरी गोष्ट सांगायला लागली. बसरा वाटी खाली ठेवून जवळ सरकली.